जपानमधल्या घोड्यांच्या शर्यतींआधी वाजणारं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या शर्यतींचे व्हिडिओ आपल्याकडेही आता बरेच जण बघतात. कुणी गेममुळे इकडे वळलेला असतो, कुणी घोड्यांच्या प्रेमापायी. शर्यत सुटण्याच्या जरा आधी ब्रास बँड वाजतो आणि लाखभर माणसं एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतात. नव्या माणसाचे प्रश्न बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

शर्यतीआधी वाजतं ते नेमकं काय असतं?

त्याला फॅनफेअर म्हणतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न अशा पितळी वाद्यांसाठी रचलेली ही छोटी धून अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. घोडे आता गेटमध्ये, म्हणजे शर्यत सुटते त्या कप्प्यांच्या रांगेत, शिरणार, एवढंच ती सांगते. शर्यतीच्या दिवशी मैदानावर दुसरंही संगीत असतं. घोडे पॅडॉकमधून, म्हणजे शर्यतीआधी त्यांना फिरवून दाखवतात त्या आवारातून, मुख्य मैदानात येतात तेव्हा मार्चसारखं संगीत लावतात, आणि मोठ्या शर्यतींसाठी वेगळे मार्च ठरलेले आहेत. पण लोकांच्या तोंडी बसलेली, लहान पोरंही गुणगुणतात ती धून फॅनफेअरचीच.

तो नेमका कुठल्या क्षणी वाजतो?

आधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरतात आणि लोक कठड्याला रेलून त्यांची चाल, घाम, डोळे न्याहाळतात. मग थांबण्याची हाक येते, जॉकी स्वार होतात आणि सगळे बोगद्यातून मैदानात येतात. तिथे प्रत्येक घोडा थोडा पळवून मोकळा केला जातो. त्यानंतर सगळे गेटच्या मागे जमून संथपणे गोल चालत राहतात. सट्ट्याच्या तिकीट खिडक्या बंद होतात.

मग स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारा अधिकारी, गेटजवळच्या उंच मचाणावर चढतो आणि लाल झेंडा हलवतो. त्याच इशाऱ्यावर फॅनफेअर सुरू होतो. टीव्हीवरचे समालोचकही तेवढा वेळ बहुधा बोलत नाहीत. धून संपली की घोडे गेटमध्ये घ्यायला लागतात: आधी विषम क्रमांकांचे, मग सम क्रमांकांचे आणि सर्वांत शेवटी सगळ्यात बाहेरचा. मोठ्या शर्यतीत १८पर्यंत घोडे असतात. त्यामुळे पहिल्यांदा आत गेलेल्याला त्या अरुंद कप्प्यात बराच वेळ ताटकळावं लागतं. सम क्रमांक मिळाला की मालक आणि चाहते जरा सुखावतात, ते यासाठीच. बिथरणारा घोडा असेल तर हे दोन मिनिटांचं थांबणंही त्याला महागात पडतं.

या धून कोणी रचल्या?

मला या विषयात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. टोकियो आणि नाकायामा या पूर्वेकडच्या दोन मोठ्या रेसकोर्सचे फॅनफेअर कोइची सुगियामा यांनी १९८७मध्ये रचले. 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ गेमचं संगीत देणारे ते हेच. पहिला गेम १९८६मध्ये आला होता. म्हणजे शाळकरी पोरं घरी टीव्हीसमोर बसून ज्यांची धून ऐकत होती, पुढच्याच वर्षी त्यांच्या बापांनी रेसकोर्सवर त्याच माणसाची धून ऐकली. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये वेगवेगळ्या देशांचे संघ मैदानात आले तेव्हा 'ड्रॅगन क्वेस्ट'ची सुरुवातीची धून वाजली होती. सुगियामा त्याच वर्षी ३० सप्टेंबरला वारले. वय ९० होतं.

पश्चिमेकडच्या क्योतो आणि हानशिन रेसकोर्सवर अव्वल शर्यतींआधी वाजणारी धून हिरोशी मियागावा यांची. 'स्पेस बॅटलशिप यामातो' या ॲनिमे मालिकेचं शीर्षकगीत ज्यांनी संगीतबद्ध केलं, ते हेच मियागावा. मोठ्या शर्यतींच्या धून गेम आणि ॲनिमेच्या संगीतकारांकडून याव्यात हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सभागृहात शांत बसून ऐकणाऱ्यांसाठी ही दोघं लिहीत नव्हती. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या लोकांसाठी त्यांनी आयुष्यभर धून बांधल्या होत्या. पहिल्या दोन सुरांत ओळखू यावी आणि एकदा ऐकून लक्षात राहावी अशी धून बांधायची त्यांना सवय होती. फॅनफेअरला नेमकं तेच लागतं.

१९८७मध्येच असं काय झालं?

केंद्रीय, म्हणजे स्थानिक नसलेल्या देशपातळीवरच्या, शर्यती चालवणारी जपान रेसिंग असोसिएशन ही संस्था १९५४ची. 'जेआरए' हे संक्षिप्त नाव तिने १९८७मध्ये घेतलं आणि एकूण रूपच बदलायला घेतलं. सिगारेटचा धूर, चुरगाळलेली तिकिटं आणि फक्त पुरुषांची गर्दी ही जुनी प्रतिमा तिला पुसायची होती. नव्या फॅनफेअरना त्या वर्षी जागा मिळाली ती याच वातावरणात.

नशीबही साथीला होतं. कासामात्सु या छोट्या गावच्या रेसकोर्सवर पळणारा ओगुरी कॅप नावाचा करडा घोडा १९८८मध्ये केंद्रीय शर्यतींत आला आणि सगळ्या देशाचा लाडका झाला. त्याच्या कापडी बाहुल्या कडेवर घेऊन तरुण मुली रेसकोर्सवर यायला लागल्या. १९९०च्या डिसेंबरमध्ये नाकायामाला अरिमा किनेन ही त्याची शेवटची शर्यत झाली. तेव्हा तिथे १,७७,७७९ लोक होते. युताका ताके त्याच्यावर स्वार होता आणि तो जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यात टोकियोच्या डर्बीला १,९६,५१७ लोक आले होते. तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. फॅनफेअर नवे होते, तेव्हाच ऐकणाऱ्यांची अशी लाट आली आणि धून त्या पिढीच्या अंगात भिनली.

टोकियोची आणि क्योतोची धून वेगळी का?

जपानमध्ये पूर्व आणि पश्चिम यांची चुरस जुनी आहे आणि ती शर्यतींतही उतरली आहे. घोड्यांचे प्रशिक्षण केंद्रही दोन, पूर्वेला मिहो आणि पश्चिमेला रित्तो. त्यामुळे दोन बाजूंच्या दोन धून असणं तिथल्या माणसाला स्वाभाविक वाटतं. सुगियामांची धून भारदस्त आहे, पायऱ्या चढत वर जावी तशी. मियागावांची जास्त चपळ, ऐकताच पाय हलवायला लावणारी. मला स्वतःला डर्बीसाठी सुगियामांचीच धून हवी असते, पण वसंतात क्योतोला ३,२०० मीटरची तेन्नो शो असते तेव्हा मियागावांच्या धुनेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

प्रत्येक शर्यतीला तीच धून वाजते का?

नाही. साध्या शर्यतींना एक, जरा मोठ्यांना दुसरी, दर्जाच्या शर्यतींना तिसरी आणि अव्वल म्हणजे जी-वन शर्यतींना खास. ही दर्जाची उतरंड १९८४मध्ये आली. नेहमी जाणारा माणूस डोळे मिटूनही सांगू शकतो की आता किती मोठी शर्यत आहे. सप्पोरो, हाकोदातेसारख्या उन्हाळी रेसकोर्सच्या धून आणखी वेगळ्या. हानशिनच्या ताकाराझुका किनेनला तर फक्त तिच्यासाठी राखलेली धून आहे. वर्षाच्या मध्यावरच्या या शर्यतीत कोणते घोडे पळावेत याचा कौल चाहते देतात, म्हणून तिला स्वतःचा सूर मिळाला हे मला फार योग्य वाटतं.

लोक टाळ्या का वाजवतात?

त्यांना कुणी शिकवलेलं नाही. जी-वनला हाताशी असलेला शर्यतीचा पेपर गुंडाळायचा आणि दुसऱ्या तळहातावर धुनेच्या ठेक्यात आपटायचा. हजारो कागदी गुंडाळ्या एका वेळी पडल्या की त्याचा आवाज साध्या टाळ्यांपेक्षा कोरडा आणि टणक येतो. धुनेच्या शेवटच्या सुरावर सगळं मैदान एकदम ओरडतं. टोकियोच्या रेसकोर्सवर हा लोट समोरच्या प्रचंड पडद्यापर्यंत जातो. तो पडदा ६६ मीटर रुंद आहे.

इथे मला गर्दीचं कौतुक वाटतं. त्या क्षणी प्रत्येकाने वेगळ्या घोड्यावर पैसे लावलेले असतात. शेजारचा जिंकला तर आपण हरणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी तेवढा वेळ सगळ्यांचा ठेका एक असतो. बुजुर्ग गायकाच्या मैफलीत समेवर सगळ्या माना एकदम हलतात, तसंच काहीसं.

मग घोडे बिथरत नाहीत का?

बिथरतात, आणि हा प्रश्न प्रत्येक चाहत्याने स्वतःला विचारायला हवा.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि अनोळखी आवाजाला त्याचं पहिलं उत्तर पळणं हेच असतं. म्हणून जपानमध्ये बऱ्याच घोड्यांच्या डोक्यावर कान झाकणारं कापडी आवरण घालतात. त्याला मेंको म्हणतात. पॅडॉकमध्ये आणि गेटच्या मागे ते असतं. कित्येकदा गेटमध्ये शिरण्याआधी सांभाळणारा माणूस ते काढून घेतो. त्या एका हालचालीकडे लक्ष ठेवून पाहा. कान मोकळे झाले की घोड्याची मान क्षणात उंच होते.

सगळ्या शर्यतींना हा त्रास सारखा होत नाही. सुटण्याची जागा कुठे आहे त्यावर ते अवलंबून असतं. टोकियोची डर्बी आणि जपान कप दोन्ही २,४०० मीटरच्या आहेत आणि दोन्ही प्रेक्षकांच्या स्टँडसमोरच सुटतात. हानशिनची २,२०० मीटरची ताकाराझुका किनेनही तशीच. तिथे गर्दीचा आवाज घोड्यांच्या थेट कानांवर पडतो. याउलट नाकायामाला अरिमा किनेन, २,५०० मीटरची, दूरच्या वळणाजवळ सुटते. क्योतोला तेन्नो शोही पलीकडच्या बाजूने सुटते. तिथे टाळ्या पोहोचेपर्यंत विरलेल्या असतात.

गेटमधले क्षण किती नाजूक असतात ते २०१५च्या ताकाराझुका किनेनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. गोल्ड शिप हा करडा घोडा २०१३ आणि २०१४मध्ये ही शर्यत जिंकलेला होता. गेट उघडलं आणि तो मागच्या पायांवर उभा राहिला. बाकीचे निघून गेले आणि त्याला १५व्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. त्याच्यावर लावलेले सुमारे १,२०० कोटी येन तिथेच बुडाले. गोल्ड शिप मुळातच लहरी होता, तेव्हा दोष आवाजाचा असं म्हणायला काही आधार नाही. पण इतक्या ताणाच्या जागी बाहेरून भर घालू नये एवढं यातून नक्की कळतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धुनेबरोबर टाळ्या वाजवा, मनापासून वाजवा. शेवटचा सूर संपला की मात्र गप्प व्हा. मधल्या काळात धुनेवर 'ओई! ओई!' अशा आरोळ्या देण्याची सवय पडली होती. त्यावरून जुन्या आणि नव्या चाहत्यांत भरपूर वाद झाले. मला त्या आरोळ्या कधीच रुचल्या नाहीत, कारण त्यात घोड्याचा विचार नव्हता. गेटजवळ शांतता राखा अशी विनंती रेसकोर्सवरून केली जाते, ती मानण्यात कुणाचीही मजा कमी होत नाही.

बँड तिथे खरोखर हजर असतो की रेकॉर्डिंग लावतात?

रोजच्या शर्यतींना रेकॉर्डिंग. मोठ्या जी-वनना वादक मैदानावर येतात. जपानच्या स्वसंरक्षण दलांचे बँड असतात, तसेच शाळा-विद्यापीठांचे वाद्यवृंदही. गणवेश, चकाकणारी वाद्यं, ओळीत उभे वादक असं ते दृश्य असतं.

त्यांचं काम दिसतं त्याहून कितीतरी कठीण आहे. पुन्हा वाजवायची संधी नाही. झेंडा हलला की निर्देशकाचा हात वर जातो आणि पहिला सूर लागायलाच हवा. अरिमा किनेन डिसेंबरच्या शेवटी असते. थंड हवेत पितळी वाद्यांचा स्वर उतरतो, ओठ आखडतात, आणि वादक बराच वेळ नुसते उभे असतात. फुंकर मारून वाद्य ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर ट्रम्पेटचा वरचा सूर फाटतो. त्यात समोर लाखभर माणसं आधीच टाळ्या वाजवत असतात आणि त्यांचा ठेका बँडच्या ठेक्यापेक्षा हळूहळू पुढे धावायला लागतो.

मग चुका होतात का?

होतात, आणि टीव्हीवर ऐकणाऱ्या लाखो लोकांच्या त्या लक्षातही राहतात. एखादा सूर घसरतो, एखादा येतच नाही. त्यावरून वादकांची टर उडवणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून पाहावं. हवेत गारवा आहे, ऊब घ्यायला जागा नाही आणि एकच सूर दीड लाख लोकांपुढे लावायचा आहे. घसरलेला सूरही मला रेकॉर्डिंगपेक्षा प्रिय आहे. तो त्या दिवसाचा असतो.

डर्बीला राष्ट्रगीत म्हणतात ते कधी?

जपानी डर्बीचं अधिकृत नाव तोक्यो यूशुन. पहिली डर्बी १९३२मध्ये मेगुरोला झाली आणि नंतर ती फुचूच्या सध्याच्या टोकियो रेसकोर्सवर आली. शर्यतीआधी एखादा गायक किंवा गायिका 'किमिगायो' हे राष्ट्रगीत म्हणते. फॅनफेअर वाजतो तो त्यानंतर, सुटण्याच्या तोंडावर. राष्ट्रगीताच्या वेळी लाखभर लोक उभे असतात आणि थोड्याच वेळाने तेच लोक टाळ्यांनी मैदान दणाणून सोडतात. डर्बी पहिल्यांदा बघणाऱ्याने हा सगळा भाग कापू नये.

कोरोनाच्या काळात काय झालं?

२९ फेब्रुवारी २०२०पासून केंद्रीय शर्यती प्रेक्षकांविना झाल्या. ऑक्टोबरमध्ये थोडे लोक आत येऊ लागले. त्या वर्षी कॉन्ट्रेल या घोड्याने डर्बी रिकाम्या स्टँडसमोर जिंकली. धून तीच होती, पण टाळ्या नव्हत्या. त्या शर्यतीचं चित्रीकरण आणि आधीच्या कोणत्याही वर्षाचं चित्रीकरण एकापाठोपाठ पाहा. फॅनफेअरमध्ये वादकांचा वाटा किती आणि प्रेक्षकांचा किती, हे मला कुठल्याही लेखाने त्याच्याइतकं नीट समजावलं नाही.

२०२२ची डर्बी त्याच्या उलट. डू ड्यूस हा घोडा जिंकला, त्याचा जॉकी युताका ताके तेव्हा ५३ वर्षांचा होता. स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर झाला तेव्हा रेसकोर्स पुन्हा भरल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

छोट्या, स्थानिक रेसकोर्सवरही हे असतं का?

असतं, आणि तिथल्या धून ऐकायला मला जास्त मजा येते. प्रांतांच्या आणि शहरांच्या ताब्यातली रेसकोर्स स्वतंत्र आहेत आणि आपापल्या धून जपून आहेत. टोकियोच्या ओई रेसकोर्सने १९८६मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा रात्रीच्या शर्यती सुरू केल्या. दिव्यांच्या झगमगाटात तिथे टोकियो ट्विंकल फॅनफेअर नावाचा महिलांचा ब्रास गट वाजवतो. वर्षअखेरीला २९ डिसेंबरला होणाऱ्या टोकियो दाइशोतेनला त्यांना ऐकायला खास लोक जातात.

ओबिहिरोला बानेई शर्यत होते. तिथले घोडे धिप्पाड असतात आणि जड लोखंडी स्लेज ओढत २०० मीटरचा सरळ रस्ता, त्यात वाटेतले दोन उंचवटे, पार करतात. जगात असा प्रकार आता तिथेच उरला आहे. या संथ शर्यतीआधीही फॅनफेअर वाजतो, आणि लोक कठड्याबरोबर घोड्यांच्या शेजारून चालत जातात.

घोड्यांच्या शर्यतींखेरीज?

मोटरबोट आणि सायकलच्या सट्टेबाजी शर्यतींनाही फॅनफेअर असतात.

इतर देशांत काय असतं? आपल्याकडे?

अमेरिकेत एकच वादक ट्रम्पेटवर जुना लष्करी इशारा वाजवतो आणि तो घोडे मैदानात येताना वाजतो. सुटण्याच्या तोंडावर ठरावीक धून आणि त्यावर सगळ्या प्रेक्षकांचा ठेका, हे रूप मात्र मला जपानचंच वाटतं. महालक्ष्मीला इंडियन डर्बी पाहिलेल्या वाचकाला पॅडॉक, मैदान आणि गेट हा क्रम ओळखीचाच वाटेल. आपली डर्बीही २,४०० मीटरचीच आहे.

प्रत्यक्ष ऐकायचं तर कुठे जावं?

टोकियो रेसकोर्सला केइओ लाइनचं फुचुकेइबा-सेइमोन-माए स्टेशन अगदी दाराशी आहे. क्योतोला केइहान लाइनवर योदो, हानशिनला हानक्यू लाइनवर निगावा. साध्या दिवशी प्रवेशाला दोन-एकशे येनच्या आत पडतात, पण डर्बी आणि अरिमा किनेनसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २० वर्षांखालच्यांना सट्टा लावता येत नाही, पण आत यायला मनाई नाही. मोठ्या जी-वनचा फॅनफेअर दुपारी ३ वाजून ४० मिनिटांच्या आसपास होतो. त्याच्या बरंच आधी गेटच्या बाजूची जागा धरा, कारण झेंडा हललेला तिथूनच नीट दिसतो.